मूलच्या उन्हात मसाज कॅन्डल

१२ जानेवारी २००७, शुक्रवार
मूल गावातल्या राईस मिलची नोकरी सोडली. शेठ म्हणतो, त्यानेच काढलं. असो. हिशेब लिहिणं हे माझं क्षेत्रच नव्हतं.

चंद्रपूरच्या सायबर कॅफेत जबरदस्त आयडिया सापडली. मसाज कॅन्डल. पेटवायची, वितळली की विझवायची आणि ते कोमट तेल अंगाला चोळायचं. चटका बसत नाही, कारण ती शरीराच्या उष्णतेलाच वितळते. परदेशात बायका यासाठी वेड्या आहेत म्हणे. आपल्याकडे कोणीच बनवत नाही. का बनवत नाही, यावर विचार करत बसायचं नाही असं ठरवलं.

बायकोला, रीताला सांगितलं. तिचं समोरच्या खोलीत ब्युटी पार्लर आहे, सध्या घर त्यावरच चालतं. ज्या मॅडमकडे ती शिकली, त्यांनी तिला जूनपासून चंद्रपूरला कामाला बोलावलं आहे. राहायलाही तिकडेच. रीता म्हणाली, मेपर्यंत वाट पाहीन, तुमचं काई जमलं तं ठीक, नाई तं मी जाईन.
गमतीत म्हणाली असणार.

१६ जानेवारी, संध्याकाळ
पहिली कॅन्डल! आईच्या डब्यातलं मोहाचं तेल थंडीने तुपासारखं गोठलं होतं. ते गरम करून त्यात ओळखीच्या लालसूने जंगलातून आणलेलं मधाच्या पोळ्याचं मेण थोडं टाकलं. दिवाळीच्या पणत्या धुऊन, वाती ठेवून त्यात ओतलं. दुपारपर्यंत घट्ट.

बाबांच्या गुडघ्यावर टेस्ट घेतली. त्यांचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला, गुडघे कायम दुखतात. बरं वाटलं म्हणाले. मग म्हणाले, तेल तं तेलच होय, याले वात काऊन लावली?
बाबांना कन्सेप्ट कळला नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
जलालुद्दीनभाईंच्या दुकानातून खसचं अत्तर आणलं. भाई म्हणाले, हेमराजभाऊ, अत्तर लावाले असते, जाळाले नाई. जुन्या पिढीचे आहेत.

रीताने पार्लरमध्ये एका शाळेच्या बाईंना कॅन्डलने मसाज केला. बाई म्हणाल्या, अजून आहे का? रीता आत येऊन हे मला सांगत होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. मी बाथरूममध्ये जाऊन थोडा रडलो. मेणाच्या धुराने असेल.

रीताच्या मॅडमना फोन केला. लग्नाच्या सीझनमध्ये, मे महिन्यात, घेऊन या म्हणाल्या. आता मागे पाहायचं नाही. थंडी आहे तोवर स्टॉक करून ठेवणार. ब्रँडचं नाव 'रीता'.

२८ मार्च, बुधवार
स्टॉक थोडा नरम वाटतो. बोट दाबलं तर आत जातं. क्वालिटी चांगली असल्याचं हे लक्षण आहे.

११ एप्रिल
खोके उघडले. पणत्यांमध्ये तेल, तेलात वाती झोपलेल्या. मुंग्या सगळीकडे.

शांतपणे विचार केला. शरीराच्या उष्णतेला वितळणारी वस्तू आहे. आज बाहेर चव्वेचाळीस. म्हणजे वस्तू एकदम बरोबर आहे, गाव चुकलं आहे.

१३ एप्रिल
गार राहाव्यात म्हणून पणत्या रांजणातल्या पाण्यात सोडल्या. पाण्यात तेल उतरलं. घरातले सगळे दिवसभर खसचं पाणी पीत होते. आई म्हणाली, तुह्यापायी तहान मरून राह्यली माही.

१९ एप्रिल
कॅन्डल कूलरसमोर ठेवल्या. त्यासाठी बाबांची बाज अंगणात नेली. ते उशी काखेत घेऊन गेले. दुपारी लोडशेडिंग. कूलर बंद, कॅन्डल पातळ, बाबा अंगणात घामाघूम.
रीताने मला अडवलं नाही. सपोर्ट आहे तिचा.

२ मे, बुधवार
उपाय सापडला!! इतका सोपा की लाज वाटली. लोडशेडिंगसाठी घरात ठेवलेल्या सगळ्या साध्या मेणबत्त्या वितळवून तेलात टाकल्या. निम्मं निम्मं. आता कॅन्डल कडक. उन्हात ठेवली तरी मान खाली घालत नाही.

स्वतःच्या मनगटावर टेस्ट घेतली. चटकलं. थांबून घेतली तर पापुद्रा धरतो आणि चोळता येत नाही. मधला एक क्षण आहे, तो पकडता आला पाहिजे. मनगट लाल झालं आहे, पण माझी कातडी आधीपासूनच नाजूक.

संध्याकाळी लाईट गेली. रीताने मेणबत्ती मागितली. मी तिला मसाज कॅन्डल दिली. तिने ती हातात धरून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. अंधारात चेहरा नीट दिसला नाही.

१२ मे, शनिवार
आज चंद्रपूरला डेमो. सविस्तर लिहितो, कारण सगळं काही वाईट झालं नाही.

कॅन्डल आता कडक आहेत, तरी एसटीत धोका नको म्हणून बाबांचा मच्छीचा थर्माकोलचा डबा घेतला. बर्फ भरला, वर कॅन्डल. डबा रात्री धुतला होता. दोनदा. पण मोहाचं तेल वास धरतं हे सायबर कॅफेत लिहिलेलं नव्हतं. आमच्या सीटजवळ कोणी बसलं नाही, त्यामुळे ऐसपैस जाता आलं. रीता पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

मॅडमनी कॅन्डल पेटवली. आधी खस आला, मागून तलाव. मॅडमनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, हे काय होय? मी म्हटलं, हर्बल. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या अंगावर नाई टाकत मी हे.

मी घाबरलो. रीताकडे पाहिलं. तिने बाही वर केली आणि हात पुढे केला. मी ओतलं. मधला क्षण पकडायचा होता, पण तो यायच्या आधीच ओतलं गेलं.  तिने दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरली. मेण लगेच थिजलं. मॅडमनी काढलं तर लव पण सोबत निघाली. मॅडम म्हणाल्या, हे तं वॅक्सिंग झालं. पार्लरमधल्या पोरी हसल्या. मग कातडी दिसली आणि हसणं थांबलं.

डब्यातला बर्फ लगेच लावता आला. म्हणजे डबा नेण्याचा निर्णय योग्यच होता.

परत येताना मी म्हटलं, फॉर्म्युल्यात थोडा बदल पाहिजे. रीता म्हणाली, हो.

१५ मे
रीताच्या हाताला मोठा फोड. थ्रेडिंगचा दोरा धरता येत नाही. ऐन लग्नाच्या सीझनमध्ये पार्लर बंद. दारावर पाटी लावायला मी मदत केली.

डॉक्टरांनी विचारलं, काय सांडलं? रीता म्हणाली, चहा. मी तिथेच उभा होतो. मी पण चहाच म्हटलं.

२० मे
नोकरीसाठी राईस मिलमध्ये जावं, असं बाबा सुचवतात. जाईन. आधी पावसाळा येऊ दे, गारवा आला की पहिला फॉर्म्युला परत चालेल. उन्हाळ्यासाठी दुसरं काही करता येईल. थंड प्रदेशात पाठवता येईल. काश्मीर.
हे सगळं रीताला समजावून सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकलं असावं.

१ जून, शुक्रवार
रीता सकाळच्या बसने गेली. बॅग बाबांनी स्टँडवर पोचवली. मला वाटलं ती दारातून एकदा परत येईल, काहीतरी राहिलं म्हणून. म्हणून मी घरीच थांबलो.
चार दिवसांत कंटाळेल. चंद्रपूरचं ऊन तिला सोसत नाही.

९ जून
कंटाळली नाही. मॅडम तिच्या कामाचं कौतुक करतात, असं जलालुद्दीनभाईंच्या मुलीने, जाहिदाने सांगितलं. ती गेली होती तिथे फेशियलला. मी विचारलं, रीताने माझं काही विचारलं का? जाहिदा म्हणाली, घाईत होती ना.
घर फार मोठं वाटतं. खरं म्हणजे मला एकटं राहवत नाही. हे तिला सांगायला पाहिजे होतं. मी काश्मीरचं सांगत बसलो.

२४ जून, रविवार
रीताचा फोन आला. मीच उचलला. हात कसा आहे विचारलं. कवाचाच बरा झाला म्हणाली. मला माहीत नव्हतं.
मॅडमकडचं राहणं सोडून तिने वेगळी खोली केली आहे. मी म्हटलं, चांगलं केलं, केवढी आहे? म्हणाली, एकटीले पुरते.
बरं म्हटलं.