ब्राह्मीनं आर्ट्स घेतलं

आवं,

ब्राह्मीला घेऊन मी तासगावला हाडाच्या डॉक्टरकडं चाललेय. तिथनं पुढं जतला, माज्या माहेरी. अकरावीला पोरीनं सायन्स सोडून आर्ट्स घेतलं, कन्नड आन् इतिहास घेतला, म्हणून सकाळी तुमी तिला दांडक्यानं मारलंसा. हात मोडल्याला दिसत असूनबी थांबला न्हाईसा. न्यायला येऊ नका. ती आता जतच्या कॉलेजात आर्ट्सच शिकंल.

पाणी गाळून ठेवलंय. यष्टीला वेळ हुता, तवर भाकरी भाजल्या. दिवस मावळायच्या आत जेवा. जाळ तुमच्या त्या दांडक्याचाच केला. चुलीत घालायच्या आदी ते झटकून, किडा-मुंगी न्हाई ते बघून घेतलं. तुमाला मुंगी मेलेली सोसत न्हाई.

गुणमाला