बादलीतली बाम

आई, काल कुडव्याच्या बाजारात एक बाई टोपल्यात जिवंत बाम, ते सापासारखे लांब मासे, घेऊन बसली होती. मी गाडी थांबवली नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बाम दिसली की मी अजून तसाच पुढे निघून जातो.

त्या उन्हाळ्यात तुझं रक्त कमी झालं होतं. शेजारची मावशी म्हणाली, "बामीचा रस्सा पाज, रक्त वाढते." तिच्या दवनीवाड्याच्या भावाने आटलेल्या बोडीच्या, शेताजवळच्या लहान तळ्याच्या, चिखलातून उकरलेली बाम बादलीत आणून दिली. तू खाटेवर उठून बसलीस. "नुसत्या पान्यात काऊन ठेवली? तिले गाळ पायजे, नाहीतर भेऊन मरन." मी मागच्या नालीतून गाळ आणून टाकला. बघता बघता ती आत शिरली, नाकाचं टोक तेवढं वर राहिलं. दुपारी मी दवाखान्यातून तुझा रिपोर्ट आणला. डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा कॅन्सर आहे. उद्याच नागपूरला न्या." घरी येताना मी दोनदा गाडी थांबवली. दारात पाय ठेवला तर तू विचारतेस, "काय म्हन्ते डॉक्टर?" मी म्हणतो, "रक्त कमी आहे. खाणंपिणं सुधारा म्हणाले." रिपोर्ट माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे, आणि बॅग मी खाटेपासून लांब ठेवतो.

संध्याकाळी बाम साफ करायला घेतली तर ती हातात राहीना. तू हसलीस. "सायेब झाला, पन बाम धरता येत नाही. राख लाव ना हाताले!" मावशीच्या चुलीतली राख आणली, तेव्हा कुठे जमलं. रस्सा तू वाटीभर प्यायलीस. मी समोर बसून तुझ्या नखांकडे बघत होतो, जरा तरी लाल दिसतात का म्हणून. "असा काऊन पाहून राहिला रे? पिऊन राहिली ना मी." दुसऱ्या दिवशी मी आणखी एक बाम मागवली. मग आणखी एक. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी तुला ताप चढला आणि मग नागपूर.

आठ दिवस आधी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते वैतागले.

पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. चौथ्या दिवशी मी आंघोळ करून आलो तर बॅग खाटेजवळ होती आणि चेन उघडी होती. तुला वाचता येत होतं. तू रोजच्यासारखी रश्श्यासाठी वाटी पुढे केलीस. आणि मला, आई, त्या वेळी फक्त सुटल्यासारखं वाटलं.