आधी हस, मग सोडतो

प्रिय यशू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. तब्येत ठणठणीत आहे माझी. फोन एवढ्यासाठी केला नाही की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि इकडे तुझे बाबा लगेच स्पीकर लावायला सांगतात. मग बोलता तुम्ही दोघं, आणि मी अधूनमधून "हो ना" म्हणते. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. फाडायचं झालं तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढंच म्हणणं आहे.

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मघाशी दूध उतू जाईल म्हणून धावत गेले, तर दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं. तू पुण्याला मावशीकडे गेल्यापासून माझं हे असंच चाललंय, एका जागी बूड टिकत नाही. चौकशी संपेपर्यंत रजेवर राहा असं ऑफिसनं तुला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आठवडाभरात सगळं निवळेल. आता सोमवारी विजय नगरच्या त्या काचेच्या इमारतीत तक्रार समिती बसणार, एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या टीममधली मधुरिमा. तुझी नोकरी जाईल की काय या भीतीनं मला घास उतरत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की आईला माझी काही पडलेली नाही.

घरात माणसांची वर्दळ आहे. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून बाबांची मित्रमंडळी रोज संध्याकाळी परस्पर आपल्याकडे येऊन बसतात. प्रत्येकाकडे खोट्या तक्रारीची एकेक गोष्ट तयार असते. कुणाच्या साडूची, कुणाच्या भाच्याच्या बॉसची. चहाबरोबर शेव खातात, मान हलवतात, आणि निघताना असे चेहरे करतात की जणू उद्या नोटीस त्यांच्याच घरी यायची आहे. खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणत नाही, होत असतील. पण यशनं नेमकं काय केलं, असं त्यातल्या एकानंही विचारलेलं मी ऐकलं नाही. बायका बैठकीत येत नाहीत. त्या मागच्या दारानं येतात, कढीपत्ता मागायला, भांडं परत करायला. भिशीतली वसुंधरा आली होती. "आजकालच्या मुली पण ना, काहीही इल्जाम लावतात," असं म्हणत चहा प्यायली. मग कप विसळता विसळता तिनं हळूच विचारलं की कुठे धरलं होतं म्हणे. हाताला, म्हणाले मी. ती कितीतरी वेळ नळ सोडून कप विसळत राहिली.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, यशू. पहिल्या दिवशी तर डोळे मिटून ठेवला. तू फोनवर म्हणालास की आई, साधी मस्करी होती, ती हसत होती, टीममधल्या अर्पितनं बाहेरून काचेतून पाहिलंय तिला हसताना. झालं, माझा जीव भांड्यात पडला. हसत होती म्हणजे मग प्रश्नच मिटला. त्यानंतर मी काय केलं ऐकशील तर हसशील. तिचे फोनवरचे सगळे फोटो उघडून बसले आणि खोट शोधत राहिले. बिनबाह्यांचा ड्रेस, मैत्रिणींबरोबर मांडवची सहल, कुठेतरी केक कापताना. जी मुलगी आपल्या पोराच्या वाईटावर उठली आहे ती एवढी साधी कशी दिसते, याचाच मला राग येत होता.

आणि मग नानांना ती अक्कल सुचली. तुला हे घरात कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. मुलगी मराठी आहे, बड़ा गणपतीजवळच्या दिवाकररावांची आहे, लग्नाची आहे, एवढं कळल्यावर तुझे काका बाबांपाशी हट्टच धरून बसले. "मुलगी आपल्यातलीच आहे ना भिया, मग कोर्टकचेरी कशाला, रिश्ताच टाकू. मामला घरातल्या घरात निपटून जाईल." संस्थानच्या फौजेत होते म्हणे आपले पूर्वज, तिथेही असेच तह करत असतील. मुलीच्या घराकडे फिरकूसुद्धा नका, असं वकिलानं बजावलं होतं. पण बाबांना वाटलं, वकिलाला आपल्या लोकांची रीत काय कळणार. किलोभर काजूकतली घेतली, नारळ घेतला आणि आम्ही तिघं गेलो. मी का गेले? मला तिला बघायचं होतं. फोटोत सापडली नाही ती खोट समोरासमोर सापडेल असं वाटलं होतं.

दिवाकरराव भले माणूस. पाहुणे आले म्हणून त्यांनी आधी पंखा लावला आणि मग आपण कोण ते कळल्यावर त्यांना तो बंदही करता येईना. नानांनी आपल्या घराण्यापासून सुरुवात केली. बाबा तुझा पगार सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात मधुरिमा ऑफिसातून आली. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. तिची आई, शोभनाबाई, तिला आत जायला खुणावत होत्या, पण ती गेली नाही. बसलीही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघून बोलली. तुझ्या बाबांकडे किंवा नानांकडे नाही, माझ्याकडे. "काकू, मी शिफ्ट बदलून मागायला गेले होते, चिडलेली होते. सरांनी मीटिंग रूमचा दरवाजा लावला. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, आधी हस, मग सोडतो. मी नाही हसले. मग दुसरा हात कमरेवर आला. तेव्हा मी हसले, काकू. सुटायला हसले. आणि आता सगळ्या ऑफिसात सांगून ऱ्हायलेत की ती तर हसत होती."

तुझे बाबा म्हणाले, "बस, एवढंच?" आणि खरंच हायसं वाटलं त्यांना, मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांना ते शब्द ओळखू आले नाहीत. स्वतःचे शब्द माणसाला ओळखू येत नाहीत, कारण ते ऐकायचं काम दुसऱ्याचं असतं. माझा डावा हात आपोआप पदराखाली गेला आणि मी माझं उजवं मनगट घट्ट धरलं. मधुरिमानं ते पाहिलं.

तू आपल्या स्वयंपाकघरात वाढलास, तुला मी वेगळं काय सांगू. मी चिडले की तुझे बाबा काय करतात? मनगट धरतात आणि म्हणतात, आधी हस, मग सोडतो. कढईत फोडणी जळत असो, शाळेतल्या मुलींचे पेपर तपासायचे पडलेले असोत, हसल्याशिवाय सुटका नाही. आल्यागेल्याला कोण कौतुक, काय हौशी जोडपं आहे म्हणून. मी हसायचे. हसलं की हात सुटतो, फोडणी वाचते, आणि मी कशासाठी चिडले होते ते तसंच राहून जातं. नानांच्या बिट्टूच्या मुंजीच्या आधी एकदा मी हिसका दिला तर बांगडी फुटून काच रुतली. तेव्हापासून उजव्या हातात मी काचेच्या बांगड्या घालत नाही. सगळ्यांना सांगते, कणीक मळताना टोचतात. तुझे बाबा दुष्ट नाहीत, माझ्या आजारपणात त्यांनी माझी वेणीसुद्धा घातली आहे. तरी ते हसू माझं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. तू लहान होतास तेव्हा तूही माझा हात दोन्ही मुठींत पकडून तेच म्हणायचास, आणि तुझ्यासाठी मी मनापासून हसायचे. तुला फरक कसा कळणार होता, असं आता तुझ्या मनात येईल. तेव्हा कळणार नव्हता. आता तू टीम सांभाळतोस, दार लावून घेतोस. आता कळतो.

माझेच संस्कार कमी पडले असं म्हणत मी ऊर बडवून घ्यावं, याची नाना वाट बघत असतील. ते मी करणार नाही. पोरानं करायचं आणि आईनं पदरात घ्यायचं, हा रिवाज मला मान्य नाही. तुझा हात तुझा आहे.

आम्ही उठलो तेव्हा शोभनाबाई आतून करंडा घेऊन आल्या. दारी आलेली सवाष्ण कोऱ्या कपाळानं जाऊ द्यायची नाही, ही सवय हातात इतकी मुरलेली असते की राग आला तरी हात थांबत नाही. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा येऊ नका, ताई." काजूकतलीचा डबा दिवाकररावांनी आमच्या आधी गाडीत नेऊन ठेवला. तो आपल्या फ्रिजमध्ये आहे आणि तुझे बाबा जाता येता त्यातली एकेक तोंडात टाकतायत. माझ्यानं तो डबा बघवत नाही.

मला वाटलं होतं, नाक कापून घेतलं, इथे तरी हे संपलं. पण नानांनी त्याच भेटीचं आता हत्यार केलंय. गावभर सांगणं सुरू आहे की मुलीकडचेच लग्नासाठी मागे लागले होते, आपण नकार दिला, म्हणून तिनं सूड उगवला. बाबांनी वकिलालाही हेच सांगितलं, भेट तक्रारीच्या आधीची म्हणून. भेट झाली होती याला साक्षीदार कोण, तर मी. बाईनं बाईविरुद्ध सांगितलं की समितीला पटतं, असं नानांचं गणित. मी जन्मभर गणित शिकवलं, पण असं उत्तर आधी लिहून मग बेरीज जुळवलेली फक्त कॉपी करणाऱ्या मुलींच्या वहीत पाहिली होती. त्या दिवसापासून हे दोघं मला काय बोलायचं ते पढवतायत आणि मी नुसती मान हलवतेय. बाबा खूश आहेत. काल त्यांनी माझा हात धरला. मी हसले.

म्हणून हे पत्र, यशू. सोमवारी मी येणार आहे, ते ठरल्याप्रमाणेच. पण मागणी घालायला आपण गेलो होतो, तेही तक्रारीनंतर, असं मी सांगणार आहे. आणि अर्पितनं काचेतून जे हसणं पाहिलं ते कसलं असतं, तेही सांगणार आहे. कारण त्या खोलीत ते ओळखणारं माझ्याखेरीज दुसरं कुणी नसेल. हे तुला तिथे बसून कळू नये, माझ्याकडून आधी कळावं. माझ्या आधी तू स्वतःच खरं बोललास तर मला तोंड उघडावं लागणार नाही. मी तुझ्या मागच्या खुर्चीवर बसेन, आणि पुढे जे होईल ते आपण दोघं निभावू. नोकरी गेली तर गेली, घर आहे. रविवारी तू घरी येशील. दारातच नेहमीसारखा माझा हात धरशील. या वेळी मी हसणार नाही, यशू. तरी सोड.

काहीही झालं तरी तुझीच,
आई