कॉफीला न नेलेली काचपट्टी

कुओपियो, १४ नोव्हेंबर

प्रिय इर्मेलीताई,

रानबेरीचा मुरंबा पोचला. पेंट्टीभाऊजींची कंबर कशी आहे? इथे ठीक. तळं अजून गोठलेलं नाही. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय; मध्येच उठते, पुसलेल्याच खिडक्या पुसते, पुन्हा बसते.

शनिवारी तुझी साठी. दर वाढदिवसासारखं सगळ्यांसमोर म्हणशील, "हेल्वीने कॅन्सर पकडला म्हणून मी आज आहे." ताई, यंदा ते म्हणू नकोस.

मंगळवारी आमच्या पॅथॉलॉजी विभागातला नवा डॉक्टर ओस्मो विद्यार्थ्यांना गर्भाशयाच्या दुर्मिळ गाठी शिकवायला तपासणीच्या जुन्या काचपट्ट्या काढत होता. शंकेची पट्टी आम्ही सकाळच्या कॉफीला मायक्रोस्कोपखाली ठेवतो आणि सगळे मिळून बघतो. त्याने एक ठेवली. वरचा नंबर ओळखून मी कप खाली ठेवला.

"याला कॅन्सर कुणी म्हटलं? साधी गाठ आहे ही. पेशींनी नुसतं कॅन्सरचं सोंग घेतलंय!"

"विभागणाऱ्या पेशी मोजल्यात त्यात," मी म्हटलं. अशा पेशी जास्त दिसल्या की गाठ कॅन्सरची धरतात.

"नीट बघा ना. विभागत नाहीयेत त्या, मरताहेत."

त्याचं बरोबर होतं. मरणाऱ्या पेशी आकसल्या की तशाच दिसतात. सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्याच विभागणाऱ्या समजून मोजल्या होत्या.

तेव्हा ती पट्टी मी कॉफीला नेलीच नाही. माझ्या बहिणीचं दुखणं चारचौघांनी कॉफीबरोबर चघळू नये, असं वाटलं. खरं तर घरच्या माणसाची पट्टी दुसऱ्याकडे सोपवायची असते. पण माझी ताई म्हणून मीच धरून बसले. गाठ आधीच काढून झाली होती. माझ्या अहवालावरून तुझं गर्भाशय काढलं, त्याची गरजच नव्हती. तू तेहतीस वर्षांची होतीस, आणि बाळाचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतंस.

ती पट्टी कुणाची, हे ओस्मोला ठाऊक नाही. सोमवारी मी विभागप्रमुखांना लेखी कळवणार आहे; त्याआधी तुला कळायला हवं. काल फोन केला होता तो याचसाठी. तू "गुणाची गं माझी हेल्वी" म्हणालीस आणि मी थंडीचं बोलून ठेवून दिला.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. शनिवारी येऊ की नको, ते तू सांग. नको म्हणालीस तरी मला पटेल. ज्या जिवासाठी इतकी वर्षं माझे आभार मानलेस, त्याला कधी धोका नव्हताच.

तुझी, तू म्हणशील तेवढीच,
हेल्वी