जमीन हलते की मी?

नाझिफे,

तुला एक थोरली बहीण आहे, सब्रिये तिचं नाव. विसरली असशील म्हणून आधी ओळख सांगितली. ईदला फोन करते म्हणालीस, त्यानंतर आणखी एक ईद येऊन गेली. असो. तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके. गुडघे काय म्हणतात? मेर्सिनच्या दमट हवेत कुरकुरत असणारच. हे पत्र शेजारची हाजेर लिहून घेते आहे. (अक्षर तिचं, अक्कल माझी. हेही लिही गं.)

माझं म्हणशील तर तब्येत बिघडली आहे, पण माझी की जमिनीची तेच कळत नाही. भूकंपात घर गेलं तेव्हापासून या पत्र्याच्या कंटेनरात आहे. दिवसातून चारदा सगळं डुलतं. मी बाहेर धावते, तर बाकीचे निवांत चहा पीत बसलेले. शेवटी टेबलावर काचेचा पेला भरून ठेवला: पाणी हललं तर भूकंप, नाही तर माझं डोकं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पाणी हललं, मी ओरडले, कंटेनरांची अख्खी रांग बाहेर आली, आणि पायरीवर कोण, तर हाजेर, भाजीची परडी घेऊन. (देह भरभक्कम, कंटेनर हलका. लिहिताना थांबू नकोस.) म्हणजे आता संशयित तीन झाले.

हे कोणीतरी माझ्या फेरितच्या कानावर घातलं. त्याचा लगेच फोन, "आई, शुक्रवारी गाडी घेऊन येतोय. आता कायमची अंकाऱ्याला चल." गेल्या हिवाळ्यात त्याच्या सातव्या मजल्यावर आठवडा काढला होता, जमीन एकदाही हलली नाही, त्या काळजीनेच झोप लागेना. नाझिफे, आता गेले तर तो परत सोडायचा नाही. आणि माझी माणसं इथे आहेत, कंटेनरातली आणि मातीतलीही.

परवा नर्सबाई आली. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून तिचाच चेहरा उतरला. "आजी, रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना?"

"घेते कशाला? जपून ठेवल्यात!" म्हणत मी दाराशी टांगलेली, भूकंप आला की उचलून पळायची पिशवी उघडली. टॉर्च, शिट्टी, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या, एकही पाकीट न फोडता. सरकारी साहेबांनीच बजावलं होतं, या पिशवीत औषधं कायम असलीच पाहिजेत. मग मी ती काढायची कशी?  नर्सबाईने मग रांगेतल्या सगळ्या पिशव्या तपासल्या. (हाजेरच्या मधुमेहाच्या गोळ्याही तिथेच निघाल्या. हे लिहिलं नाहीस तर मी अंगठा उठवणार नाही.)

आता रोज एक गोळी घेते आणि डुलणं कमी झालंय. म्हणजे जमीन सुधारली की मी, देव जाणे.

तुझी सब्रिये आपा

ता. क. नर्सबाई शुक्रवारी फेरितसमोरच मोजणार आहे. आकडा उतरला तर आईला हलवणार नाही, असं त्याच्याकडून आजच फोनवर वदवून घे. माझं तो ऐकत नाही, मावशीला घाबरतो.

दुसरं ता. क. नर्सबाईने मीठ बंद केलंय. तेव्हा गुरुवारच्या बसने फक्त डाळिंबाचा आंबट पाक पाठव. मिरची घालून वाळवलेलं ते खारं चीज शनिवारच्या बसने, आणि दोन गोळे जास्त.