शिकणारा मुलगा कमावता धरत नाहीत

१२ नोव्हेंबर १९६५
आज नवी वही घेतली, म्हणून रोजनिशी सुरू. संकल्प: पहाटे पाचला उठणे. इंग्रजीचे रोज दहा शब्द. विडी बंद.
बी. ए. पार्ट वनला दोनदा नापास झालो, पण त्यात माझा दोष थोडा. पहिल्या खेपेला ताप होता. दुसऱ्या खेपेला इकॉनॉमिक्सचा पेपर काढणारा माणूसच सिरियस नव्हता. यंदा फर्स्ट क्लास.

१३ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो.

१९ नोव्हेंबर
चुलतभाऊ अमरसिंग कळंबकडच्या आमच्या तांड्यावरून यवतमाळच्या बाजाराला आला होता. बातमी चांगली आणली. यंदा पाऊस गेला, ज्वारी जागेवर करपली, म्हणून ज्या घरात कोणी कमावतं नाही त्या घराला सरकार महिन्याचं धान्य फुकट देणार आहे. बा गेल्यापासून याडी एकटीच असते. आम्हां बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण यादी करायला आलेले साहेब म्हणाले, हिला बावीस वर्षांचा मुलगा आहे, हिला धान्य कशाला? त्यावर आमच्या तांड्याचे प्रमुख, नायक हरिसिंग उठले आणि म्हणाले, "पोरगा कॉलेजात शिकून राह्यला, साहेब. माही जबान घ्या." साहेबांनी नियम पाहिला. शिकणारा मुलगा कमावता धरत नाहीत. याडीचं नाव लागलं.
म्हणजे मी यवतमाळजवळ लोहारा गावातल्या या खोलीत नुसता बसून राहिलो तरी तिकडे आईची भाकर होते. नोकरीवाल्या मुलांना हे साधत नाही. मन इतकं भरून आलं की अभ्यास झाला नाही.

४ डिसेंबर
शांतपणे विचार केला. पास झालो की नोकरी लागणार. नोकरी लागली की धान्य बंद होणार. तेव्हा घाई करणं आईच्या हिताचं नाही. यंदा सेकंड क्लास पुरे.
विड्या तीन. थंडी फार आहे.

२० डिसेंबर
नोटीस बोर्डावर कमी केलेल्या विद्यार्थ्यांची नावं लागली आहेत. त्यात खेमसिंग राठोड, म्हणजे मी. दोनदा नापास झालेल्याला फी माफ होत नाही म्हणे, शिवाय माझी हजेरी कमी भरली. क्लार्क म्हणाला, प्रिन्सिपलसाहेबांना भेटा, विनंती करा, नाव परत लागेल. उद्या भेटायचं. भाषण तयार आहे, इंग्रजीत.

२१ डिसेंबर
कोट धुवायला दिला आहे.

२ जानेवारी १९६६
कोट आला. कॉलेजला सुट्टी आहे.

११ जानेवारी
प्रिन्सिपलच्या दारापर्यंत गेलो. आत कोणावर तरी साहेब तापले होते. अशा वेळी गेलो असतो तर माझं इंग्रजी वाया गेलं असतं. परत आलो.
वाटेत एक गोष्ट स्पष्ट झाली. विद्यार्थी कोण? ज्याला शिकायची इच्छा आहे तो. बोर्डावरचं नाव ही टेक्निकल बाब आहे. इच्छा मला आहेच.

२९ जानेवारी
अमरसिंग आला. धान्याच्या यादीवाले साहेब पुन्हा तांड्यावर येऊन गेले. मुलगा अजून शिकतो आहे अशी कॉलेजची चिठ्ठी फेब्रुवारी संपायच्या आत पाहिजे, नाही तर याडीचं नाव काटणार. मी म्हणालो, एवढंच ना, आठ दिवसांत पाठवतो. जाताना तो म्हणाला, "बुढी तांडाभर सांगून राह्यली का माहा खेमू साहेब होनार. चिठ्ठीचं इसरू नको बावा." मला राग आला. अशा गोष्टी मी विसरतो असं लोकांना का वाटतं?
याडीनं ज्वारीचं गाठोडं पाठवलं आहे. तिच्या त्या सरकारी धान्यातलंच. ज्वारी जरा किडकी आहे. खानावळीत कांताबाईला दिलं. पंधरा दिवस जेवणाची काळजी मिटली. तिला एकटीला एवढी ज्वारी लागतही नसेल.

२७ फेब्रुवारी
उद्या नक्की.

१ मार्च
काल पोट बिघडलं होतं. आणि सरकारी माणसं तारखेला इतकी चिकटून नसतात. मार्च उजाडला म्हणून लगेच कोणी म्हातारीचं नाव काटत नाही.

७ मार्च
होळी. आमचा माणूस कुठेही पोटापाण्याला गेलेला असो, होळीला तांड्यावर येतोच. मी गेलो नाही. अभ्यासाचा निरोप धाडला. गेलो असतो तर नायकांनी आधी चिठ्ठीचंच विचारलं असतं.
आता तिकडे डफ वाजत असेल, बाया-माणसं लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणत फेर धरून नाचत असतील. याडी घरापुढं बसून वाटेकडे बघत असेल. तिला लांबचं दिसत नाही, तरी बघत असेल. आज फार वाईट वाटलं. पुस्तक उघडलं आणि मिटलं.

१० एप्रिल
अमरसिंग किती तरी बाजार झाले आला नाही. काही बातमी नाही म्हणजे धान्य चालू आहे. असंच होणार हे मी ओळखलं होतं.
कांताबाई मात्र म्हणाली, "उद्यापासून तुमचं ताट लावत नाई. कालेजात बी जात नाई तुम्ही, मंग करता तरी काय दिवसभर?" या बाईला शिक्षणातलं काय कळतं?

१८ एप्रिल
चणे आणि पाणी. पाणी चांगलं आहे.
दुष्काळात सरकारनं काढलेल्या रस्त्याच्या कामावर जायचं ठरवलं, थोडे दिवस, अनुभव म्हणून. अडचण एकच. मी खणताना दिसलो तर मी शिकत नाही हे उघड होईल, नायकांची जबान खोटी पडेल आणि याडीचं धान्य जाईल. म्हणून वणीकडच्या कामावर जायचं. तिकडे आमचं कोणी नसतं. आणि नाव सांगायचं देवीलाल. खेमसिंग राठोड विद्यार्थी आहे, तो खणत नाही. खणेल तो देवीलाल. प्लॅन पक्का. इकॉनॉमिक्सचं पुस्तक सोबत घेतो, दुपारी वाचन होईल.

२१ एप्रिल, संध्याकाळ
कामावर एकट्याला घेत नाहीत. जोडी लागते. एकानं खणायचं, दुसऱ्यानं टोपल्यात मुरूम वाहायचा. मुकादम म्हणाला, थांब. कळंबकडचं काम संपलं म्हणून तिकडच्या बायांचा ट्रक काल इकडे आला आहे. त्यात एक बुढी आहे, तिच्यासाठी कोणी खणायला नाही.
ती याडी होती.
मी डोक्याला शेला गुंडाळला होता, तोंडही झाकलं होतं. तिला माणूस हातभर अंतरावर आल्याशिवाय ओळखू येत नाही. ती हातभर अंतरावर आली आणि थांबली. मुकादमानं विचारलं, "काहून वं बुढे, तुह्या वळखीचा हाये काय हा?" याडी म्हणाली, "नाई बापा. कोन्या तांड्याचा हाये कोन जाने. माह्यावाला पोरगा कॉलेजात हाये." मुकादमानं माझं नाव विचारलं. मी देवीलाल सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं.
दुपारी बाभळीखाली तिनं भाकरीचा मोठा तुकडा मला दिला. आमच्या बोलीत हळूच म्हणाली की चिठ्ठी आली नाही म्हणून मार्च लागताच नाव काटलं. कॉलेजात कामं फार असतात, तुला वेळ झाला नसेल. नायकांना तिनं सांगितलं आहे की चिठ्ठी वाटेत आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तर ती म्हणाली की आधी खा, उशीर होतो आहे. मला रडू आलं, तिच्यासमोरच.
दुपारनंतर मी हळूहळू खणायला लागलो. जेवढं खणीन तेवढं तिच्या डोक्यावर जात होतं. मुकादम ओरडला. मग टोपलं अर्धं भरून पाहिलं. तेही चालेना. शेवटी खणलं, पूर्ण, आणि तिनं वाहिलं. दोनदा ती ठेचकाळली. उचलायला धावलो तर तिनं हात झटकला, लोक बघत होते.
दिवसभर ती मला देवीलाल म्हणूनच हाक मारत होती.