उजव्या पंखाचा बाहेरचा पट्टा

३ डिसेंबर
आलो एकदाचा! मामा स्वतः न्यायला आला होता, कॅप्टनच्या गणवेशात, टोपी जरा तिरकी. आईने निघताना दहादा बजावलं की मामाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. तिने सांगायला कशाला हवं? बाबा गेल्यावर मला उडायला शिकवलं ते मामानेच, आणि आता मी त्याच्याच उजव्या हाताला सहवैमानिक म्हणून बसणार. आल्या आल्या त्याने माझ्याकडून कसल्याशा कागदांवर ढीगभर सह्या करून घेतल्या. राहायला त्याच्याच घरातली मागची खोली. कपाटाच्या दाराला आतून कुणीतरी धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादी चिकटवली आहे. अक्षर तिरकं, प्रत्येक 'र'ला उंदरासारखी शेपटी. मामी म्हणाली, ते लंबूचं. माझ्या आधी तो याच खोलीत राहायचा आणि माझीच नोकरी करायचा. मागच्या हिवाळ्यात त्याचं विमान डोंगरावर पडलं. एवढं सांगून ती घाईघाईने उशीचा अभ्रा बदलायला लागली.

५ डिसेंबर
पहिलं उड्डाण झालं. विमान पंख्यांचं, चाळीसेक माणसांचं, आणि वयस्कर. मामा त्याला म्हातारी म्हणतो. म्हातारी फार उंच चढत नाही, त्यामुळे थंडीत नेमकी ढगांच्या पोटात सापडते आणि पंखांवर बर्फ धरतो. त्यासाठी पंखांच्या पुढच्या कडेला काळे रबरी पट्टे आहेत. बटण दाबलं की ते हवेने फुगतात, बर्फ तडकतो आणि उडून जातो. पंख्यांच्या पात्यांवरून सुटलेला बर्फ मात्र थेट विमानाच्या अंगावर आदळतो. पहिला दणका बसला तेव्हा मी खुर्चीतून उडालो आणि मामा हसून हसून बेजार झाला. उजवा पंख खिडकीतून बघत राहायचं काम माझं.

इथली एक रीत कळली. बिघाड तांत्रिक वहीत लिहायचा नाही, कारण वहीत आला की दुरुस्ती होईपर्यंत विमान उभं. चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, मग मिस्त्री सवडीने बघतो. वही मी भरतो, तू चहा घे, असं मामा म्हणाला. मला हे पटलं नाही, पण दोन दिवसांच्या पाहुण्याने शहाणपण शिकवायचं कुणाला? मी चहा घेतला.

९ डिसेंबर
माझ्या खुर्चीमागच्या कप्प्यात एक चिठ्ठी सापडली. ओली, आणि इतकी गार की बोटं बधिर झाली. 'उजवा पंख, बाहेरचा पट्टा. फुगत नाही.' तिरकं अक्षर, 'र'ला शेपटी. पण लंबू तर दुसऱ्या विमानात होता, आणि त्या विमानाचे तर तुकडे झाले. मामाने चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकली. म्हणाला, जुना कचरा आहे. लंबू पोरगा चांगला, पण आळशी. पट्टे न तपासताच वहीत 'ठीक' म्हणून सही ठोकायचा, चौकशीतही तेच निघालं. अपघाताच्या दिवशी मामा नेमका विमानात नव्हता.

१२ डिसेंबर
आज खरा बर्फ धरला. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आतले पट्टे फुगले, बर्फ झडला. बाहेरचा पट्टा ढिम्म हलला नाही. वेग उतरायला लागला. मामाने शांतपणे नाक खाली घेऊन ढगाखाली आणलं, माझी मात्र पाचावर धारण बसली होती.

उतरल्यावर चिठ्ठी लिहून डब्यापाशी गेलो. डबा काठोकाठ भरलेला. सगळ्या चिठ्ठ्या लंबूच्या, सगळ्यांवर तीच ओळ. अगदी वरची ओली होती आणि तिच्यावर आजची तारीख होती.

मामाला म्हटलं, आता मी वहीत लिहिणार. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, तीन दिवस दे, नवा पट्टा बसवतो, तुझ्या आईची शपथ.

१६ डिसेंबर
मामाने हात धरून पंखाखाली नेलं. पट्टा काळाभोर, चकचकीत. मी स्टुलावर चढून हात लावला, तर बोटाला काळं लागलं. मामा म्हणाला, नवं रबर आहे, सुटतंच. मला स्वतःचीच लाज वाटली. बापाच्या जागी असलेल्या माणसावर संशय घेतला. त्याची माफी मागितली.

१७ डिसेंबर
कप्प्यात चिठ्ठी. 'बोटाचा वास घे.'
फाडून टाकली. मिस्त्रीचा चावटपणा असणार.
वास घेतला नाही.

१८ डिसेंबर, सकाळ
मामाचं पोट बिघडलंय. बदली कॅप्टन येणार आहेत, एक बाई. निघताना मामाने डोक्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नाही. मामी दाराकडे पाठ करून उभी होती.

त्याच दिवशी, विमानात
बाई विमान सांभाळताहेत. बर्फ धरलाय. बाहेरचा पट्टा फुगत नाही —

मी सांगितलं तर त्या चिडल्या. म्हणाल्या, "अहो, वहीत तर रोज तुमचीच सही आहे!" वही उघडली. 'पट्टे तपासले, ठीक.' रोज. खाली माझी सही. हुबेहूब. मी एकही केलेली नाही.

बोटाचा वास घेतला. नखात अजून आहे. बुटाचं पॉलिश. मामाच्या बुटांचं, रोज सकाळी घरभर येतो तोच वास.

केसाने गळा कापला. आई, तुझ्या भावाने —

मांडीवर चिठ्ठी आहे. कुणी ठेवली — 'माझ्या वेळीही त्याचं पोटच बिघडलं होतं.'

खाली उतरायला जागा नाही. खाली डोंगर. वेग पडतोय. दणके बसताहेत — पात्यांवरचा बर्फ नव्हे, हे माझ्याच खिडकीवर, एकेक, सावकाश, दारावर थाप मारावी तसे —

आई, त्या सह्या माझ्या नाहीत. कुणी काही म्हणो. त्या माझ्या —

हात गार पडलाय. अक्षर तिरकं जातंय. प्रत्येक 'र'ला शेपटी येतेय, मी काढत नाहीये —

पुढच्यासाठी लिहून ठेवतो. या खुर्चीत जो कोणी बसेल त्याच्यासाठी.

उजवा पंख, बाहेरचा पट्टा. फुगत